परळला दोनदा मिळालेला धडा

गणपतीच्या दिवसांत दिवा-सावंतवाडी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दिव्याच्या चाळी आणि इमारती ज्यांनी भरल्या, त्यांत कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचा वाटा मोठा. सणाला ही मंडळी चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला उतरतात. गावाकडे गेल्यावर आजी बजावते, अंधारात जांभ्याच्या गडग्याला हात लावू नकोस, फुरसे असते. दिव्याला परत आल्यावर खाडीकाठच्या गवतात, भरावाच्या ढिगाऱ्यात, उंदरांच्या मागावर आलेली घोणस निघते आणि सर्पमित्राला फोन जातो. दोन्ही साप दोन्हीकडे सापडतात, पण कोकणच्या सड्यांवर दरारा फुरशाचा आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात घोणशीचा. दोन्ही एकाच कुळातले, व्हायपर. दोघांच्याही दंशावर सरकारी दवाखान्यात एकच कुपी फोडतात.

त्या एका कुपीत चार सापांचा उतारा कसा आला, हा इतिहास फार दूरचा नाही. लोकलने तासाभरावर असलेल्या परळला त्याचा मोठा भाग घडला. परळला त्यात एकच धडा दोनदा शिकावा लागला. पहिल्यांदा तो परळच्याच प्रयोगशाळेने जगाला दिला होता, आणि दुसऱ्यांदा परळच्याच औषधावर तो उलटला.

त्याआधी सरकारचा उपाय साधा होता. साप मारा, पैसे घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले गेले. तिथे सरकारी अधिकारी राहिलेल्या जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात लिहून ठेवले आहे की, सहा वर्षे दरवर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. सहा वर्षांत तेरा लाखांवर साप, तेही एका जिल्ह्यात. एवढे करूनही फुरसे काही संपले नाही. आजही रत्नागिरी आणि देवगडच्या कातळावर ते आहेच. मात्र व्हिडाल यांच्या नोंदीतली एक गोष्ट त्या काळच्या डॉक्टरांना खटकायला हवी होती. नाग चावलेला माणूस काही तासांत जात असे आणि फुरसे चावलेला कित्येक दिवस रक्त गळत राहून जात असे. मरण येण्याची तऱ्हाच वेगळी, तर विष एक कसे असेल?

हा प्रश्न युरोपात कोणी फारसा गांभीर्याने घेतला नाही. १८९१ मध्ये आल्बेर काल्मेत हा तरुण फ्रेंच डॉक्टर सायगावला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी करत होता. बाक ल्यू भागात पूर आला, नाग झोपड्यांत शिरले, चाळीस जणांना चावले आणि चार माणसे गेली. पकडलेले नाग काल्मेतकडे आले. घटसर्पावर जनावराच्या रक्तातून उतारा काढता येतो हे नुकतेच सिद्ध झाले होते. मग नागावर का नको? १८९४ मध्ये त्याने आपले यश पॅरिसला जाहीर केले. त्याच महिन्यात फिसालिक्स आणि बर्त्रां या दोघांनीही तिथेच तसेच काम मांडले. पुढे लिल शहरात काल्मेत घोड्यांना विष टोचून मोठ्या प्रमाणावर सीरम काढू लागला. इथवर सगळे ठीक होते. पण सापाच्या विषातला जीवघेणा अंश मुळात एकच असतो, म्हणून आपले सीरम सगळ्याच सापांवर चालेल, असेही तो सांगू लागला.

लिलच्या बाटल्या हिंदुस्थानात आल्या. मुंबईत तेव्हा प्लेग होता. वाल्देमार हाफकिन यांची प्लेग रिसर्च लॅबोरेटरी १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन जॉर्ज लॅम्ब तिथे होते. त्यांनी आणि विल्यम हॅना यांनी ही बाटली तपासायला घेतली. १९०२ मध्ये त्यांनी छापलेला पहिला निष्कर्ष अगदी व्यवहारी होता. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात हे सीरम ठेवले की त्याची ताकद उतरते. विषाची नेमकी मात्रा आणि सीरमची नेमकी मात्रा एकत्र करून जनावराला टोचायची, जनावर जगते की मरते ते पाहायचे, अशी मोजणी त्यांनी बसवली. त्यामुळे दाव्याच्या जागी आकडा आला.

मग त्यांनी घोणशीचे विष घेतले. नागाच्या विषावर चालणारे सीरम घोणशीपुढे हतबल ठरले. लॅम्ब यांना कारणही दिसत होते. नागाचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडते, श्वासाचे स्नायू थांबतात. घोणशीचे विष रक्तावर चालते. जनावराच्या शिरेत ते जास्त गेले तर रक्त जागच्या जागी गोठते. माणसाच्या अंगात ते सावकाश पसरते तेव्हा गोठवणारे घटक वापरून संपतात आणि मग रक्त गोठेनासेच होते. १९०३-०४ च्या सुमारास लॅम्ब यांनी एकेक सीरम आणि एकेक विष यांच्या जोड्या लावून पाहिल्या आणि सीरम ज्या विषावर बनवले त्यापुरतेच खात्रीने चालते हे मांडले. चार्ल्स मार्टिन यांना ऑस्ट्रेलियात काल्मेतच्या सीरमचा तसाच अनुभव आला होता. पुढे १९०५ मध्ये प्लेग कमिशनच्या कामासाठी मार्टिन मुंबईला आले आणि कमिशनवर त्यांच्या जोडीला लॅम्बही होते. सापांच्या विषात मुरलेले हे दोघे परळला उंदरांच्या पिसवांमागे लागले, ही गंमत मला नेहमी वाटते. दोघांनी मिळून सर्पविषावर एका इंग्रजी वैद्यकीय ग्रंथात प्रकरणही लिहिले.

लॅम्ब यांचा धडा हिंदुस्थानने लगेच उचलला. कसौलीला सीरम बनू लागले ते नाग आणि घोणस या दोघांवरचे. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३२ पासून साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक होते. पुढच्या दशकांत परळने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चौघांवर चालणारे सीरम बनवले. चौघांचे विष घोड्याला थोडे थोडे वाढवत टोचायचे, मग त्याच्या रक्तातून प्रतिद्रव्ये वेगळी काढायची. हाफकिनचे घोडे पुढे पिंपरीला ठेवले गेले. संस्थेतल्या डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांची माहिती सामान्य वाचकापर्यंत नेली. त्यांचे भारतातील सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले. कोकणातल्या लोकांनी पकडलेली फुरशी परळला येऊ लागली. ज्या सापाला मारून पैसे मिळत होते, त्याला जिवंत आणून पैसे मिळू लागले.

मधल्या काळात घोणशीच्या विषाने एक उलटीच कामगिरी केली. १९३४ मध्ये लंडनला मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी ते पातळ करून हिमोफिलिया असलेल्या रुग्णांच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबले. आजही रक्ताच्या एका चाचणीत घोणशीचे पातळ विष वापरतात.

रक्त आणि मज्जातंतू यांच्या या हिशेबात एक अवयव मात्र राहून गेला. तो म्हणजे स्नायू. सापाचे खाणे म्हणजे मुख्यतः स्नायूच, पण विषाचा स्नायूवर स्वतंत्र मारा असतो हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. हा मान जातो ॲलिस्टर रीड यांच्याकडे. ते मलायातल्या पिनांगच्या इस्पितळात होते, आणि जाळ्यातले मासे काढताना समुद्रसाप चावलेले कोळी त्यांच्याकडे येत. समुद्रसाप हा नागाच्या कुळातला, म्हणून त्याचे विष नागासारखे लकवा आणणारे, असे पुस्तकात लिहिलेले. रीड यांनी खाटेवरचा माणूस पाहिला. त्याचा हातपाय उचलला की तो कळवळत होता. जबडा आखडलेला. लकव्यात असे दुखत नाही. काही तासांनी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट व्हायची. तो रंग रक्ताचा नव्हता, तर फुटलेल्या स्नायूंतून वाहून आलेल्या मायोग्लोबिनचा होता. १९६१ मध्ये त्यांनी हे छापले.

आत काय होते ते पुढच्या वीस-तीस वर्षांत उलगडले. बहुतेक सापांच्या विषात फॉस्फोलायपेज ए-२ नावाच्या प्रथिनांचे मोठे घराणे असते. आपल्या स्वादुपिंडातही त्याचे एक भावंड आहे आणि ते निमूटपणे चरबी पचवते. सापातली भावंडे स्नायूच्या तंतूला चिकटतात आणि त्याच्या पातळ पापुद्र्यातली स्निग्ध द्रव्ये तोडतात. पापुद्रा फाटला की बाहेरचे कॅल्शियम आत घुसते. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियमच्याच इशाऱ्यावर. इथे इशारा थांबतच नाही, त्यामुळे तंतू आवळत जाऊन आतल्या आत तुटतो. त्यातले मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात सांडते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकते, पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. माणूस लकव्याने नाही, तर स्वतःच्याच स्नायूंच्या गाळाने मरू शकतो.

याच घराण्यातली काही प्रथिने चरबी तोडण्याची कला गमावून बसली आहेत. ज्या जागी काम चालते तिथला एक दुवा बदलला आहे. तरीही ती स्नायू मारतातच, नुसती पापुद्र्यात शिरून. चापडे (पिट व्हायपर) सापांमध्ये अशी पुष्कळ सापडतात. याउलट मण्यारीच्या विषातले याच घराण्यातले एक प्रथिन चाव्याच्या जागी काही करत नाही. सूज नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. ते थेट मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसते, आणि रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते, पापण्या उचलत नाहीत म्हणून उठतो. एकाच मूळ प्रथिनापासून निघालेल्या वाटा इतक्या लांब जातात.

मेलेला स्नायू पुन्हा उगवतो का? तंतूभोवतीचे आवरण शाबूत असेल तर उगवतो. आवरणाला चिकटून राखीव पेशी असतात, त्या नवा तंतू घडवतात. समुद्रसाप चावलेला माणूस वाचला तर बहुधा पुरता बरा होतो, याचे कारण हेच. व्हायपर कुळात मात्र दुसरी प्रथिने जोडीला असतात. ती केशवाहिन्यांच्या भिंती आणि त्यांचे आवरणच कापतात. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी नवा तंतू उभा राहत नाही, तिथे निबर व्रण धरतो. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्याचा पाय पुढे वर्षानुवर्षे आखडलेला का राहतो, त्याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

आता दुसऱ्या धड्याकडे. १९८८ मध्ये फिलिप्स, थीकस्टन आणि डेव्हिड वॉरेल यांनी श्रीलंकेतल्या घोणसदंशाच्या रुग्णांवर एक मोठा लेख छापला. त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी होत्या: घोणस चावल्याने लकवा आणि स्नायूंचा नाश, आणि हाफकिनच्या प्रतिविषाचे अपयश. श्रीलंकेतल्या रुग्णांच्या पापण्या खाली येत होत्या, अंग दुखत होते, लघवी काळी होत होती. ही लक्षणे पुस्तकात घोणशीच्या नावावर नव्हतीच. महाराष्ट्रात घोणस म्हटली की सहसा हिरड्यांतून रक्त, सुजलेला पाय आणि बंद पडलेले मूत्रपिंड डोळ्यांसमोर येते. साप तोच होता. अंगावरच्या तीन ओळींत गोल काळ्या कडांचे ठिपके तेच, आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा तो लांब फुत्कारही तोच. उपजात वेगळी धरली तरी जात एकच. परळच्या घोड्यांना भारतातल्या घोणशीचे विष टोचले होते. त्यांच्या प्रतिद्रव्यांना श्रीलंकेच्या घोणशीतली प्रथिने पुरेशी ओळखता आली नाहीत.

परळची यात फसवणूक वा हलगर्जी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॅम्ब यांनी शिकवले होते की जात बदलली की विष बदलते. त्याचा उलटा अर्थ सगळ्यांनीच गृहीत धरला: जात एक असेल तर विष एक. काल्मेत सगळ्या सापांना एका पिशवीत घालत होता, पुढच्यांनी चार पिशव्या केल्या. पण पिशवीत घालायची सवय राहिलीच.

योगायोग असा की त्याच १९८८ मध्ये म्हैसूरच्या प्रयोगशाळेतून जयंती आणि गौडा यांनी भारतातल्याच वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींच्या विषाची तुलना छापली. घटक वेगळे, मारक ताकदही वेगळी. त्याच सुमारास ब्रह्मदेशातून आणखी एक विचित्र बातमी आली होती. तिथल्या घोणसदंशातून वाचलेल्या काही रुग्णांची पीयूष ग्रंथीच रक्तस्रावाने निकामी होत होती. अवघड बाळंतपणात रक्त गेलेल्या बायकांना होतो तसा आजार भात कापणाऱ्या पुरुषांना होत होता. २००७ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून ब्रह्मदेश आणि थायलंडकडची घोणस स्वतंत्र जात धरली गेली. श्रीलंकेची मात्र आपल्याच जातीत राहिली. म्हणजे ज्या सापाने परळला चकवले, तो नात्याने आपल्याला जवळचा.

हे बदल का होतात, याचे एक उत्तर सापाच्या पोटात मिळाले. १९९६ मध्ये जेनी डाल्ट्री आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवले की मलायातल्या एका चापड्याचे विष जागोजागी बदलते, आणि ते बदल तो तिथे काय खातो याच्याशी जुळतात. फुरशाच्या जातकुळीवर २००९ मध्ये असेच काम झाले. ज्या फुरशांच्या आहारात विंचू आणि इतर संधिपाद जास्त, त्यांचे विष विंचवांवर अधिक जालीम. कोकणच्या सड्यावर दगड उलटा, खाली विंचू आहे. तिथल्या फुरशाच्या विषामागे त्या विंचवाचाही हात असावा. उंदरांवर पोसलेल्या आणि भरावावर वाढलेल्या दिव्याच्या घोणशीचा हिशेब वेगळा असणार. अर्थात आहार हे एकमेव कारण नाही. कोण कोणापासून किती काळ तुटले, नशिबाने कोणते जनुक टिकले, हेही त्यात येते.

महाराष्ट्रात या विषयाला डॉक्टरकीचा अनुभव जोडणारे नाव म्हणजे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे म्हणून त्यांची ओळख जगभर आहे आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या त्यांनी ठेवलेल्या नोंदीही तितक्याच मोलाच्या. तालुक्याच्या गावात रुग्णाच्या उशाशी बसून लिहिलेल्या नोंदी नसत्या, तर आपल्या भागातली घोणस नेमके काय करते हे परक्यांच्या पुस्तकातून वाचावे लागले असते.

आज देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतून येते. इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ मध्ये चेन्नईजवळ सुरू झाली, आणि तिने एका समाजाची उपासमार थांबवली, सापही वाचवले. पण विष येते ते चेन्नईच्या आसपासच्या मोजक्या जिल्ह्यांतल्या सापांचे. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ आणि २०२१ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतली विषे बाजारातल्या प्रतिविषांसमोर ठेवली. काही ठिकाणच्या विषांपुढे ती तोकडी पडली. चौघांच्या बाहेरचे साप तर कुपीत नाहीतच. सह्याद्रीतले चापडे नाहीत. समुद्रसापही नाहीत, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला जाळे उपसताना समुद्रसाप चावला तर ही कुपी त्याच्यासाठी नाही.

म्हणून कुपी निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्यातली निम्मी पावसाळ्यात गेली. यातले कितीतरी मृत्यू कुपी चुकीची होती म्हणून झालेले नाहीत. मांत्रिकाकडे, दोरी आवळण्यात, जखमेवर ब्लेड मारण्यात वेळ गेला आणि कुपीपर्यंत पोचायलाच उशीर झाला, म्हणून झाले. कुपीवरचा हिशेब असा असतो: १ मिलिलिटरमध्ये नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करण्याची ताकद. दहा मिलिलिटरच्या दहा कुप्या म्हणजे घोणशीचे ६० मिलिग्रॅम. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या, कारण साप मुलाचे वजन पाहून विष कमी सोडत नाही. कुप्या पुरल्या की नाही हे कळायला महागडे यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग कलते करायचे. रक्त वाहिले तर विष अजून काम करते आहे. स्नायूंसाठी मात्र ही नळी बोलत नाही. तिथे लघवीचा रंग आणि प्रमाण पाहावे लागते, आणि ते पाहणारी परिचारिका जागी असावी लागते.

स्नायू मारणाऱ्या त्या प्रथिनांनाच थेट अडवणारे व्हॅरेस्प्लाडिब नावाचे साधे रासायनिक औषध गेली काही वर्षे तपासले जात आहे. मुळात ते वेगळ्याच आजारांसाठी बनवलेले आणि तिथे न चाललेले. मे २०२५ मध्ये सेल या नियतकालिकात त्याच्यासह दोन मानवी प्रतिद्रव्यांचे मिश्रण जाहीर झाले. ही प्रतिद्रव्ये निघाली ती अनेक वर्षे स्वतःला मुद्दाम साप चाववून घेतलेल्या एका अमेरिकन माणसाच्या रक्तातून. उंदरांवरच्या प्रयोगांत नागाच्या कुळातल्या १९ सापांपैकी १३ जणांच्या विषापासून पूर्ण आणि बाकीच्यांपासून काही अंशी संरक्षण मिळाले. सगळ्या सापांवर एक औषध, या काल्मेतच्या जुन्या कल्पनेच्या इतके जवळ कोणी आले नव्हते. पण त्या १९ सापांत व्हायपर कुळातला एकही नाही. घोणस आणि फुरसे यांच्यावरचे काम अजून व्हायचे आहे.